लॉनवरची फळी

॥ श्री ॥

घोडेगाव, ता. नेवासा
दि. ९ फेब्रुवारी २०२५

ती. आक्कास, गोरक्षनाथचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. कानाचं यंत्र मी काढून फडताळात टाकलंय, त्यात नुसती शिट्टी वाजती. म्हनून फोन करत बसू नगंस, लिहीत जा. माझं बरं हाय. आमच्या कारभारनीचे, लंकाचे गुडघे दुखत्यात पन तोंड चालू हाय, म्हंजे काळजीचं काही न्हाई.

मला ह्या धंद्याचा वीट आलाय आक्का. तुला म्हाईतच हाय, सुनीलनं हायवेच्या कडंचं उसाचं रान मोडून लग्नाचं लॉन्स केलं. कमान लावली, दिवे लावले, आन मधी ते गवत. आपुन जलमभर गवत उपटलं, आता माझा लेक ते इकत आनून लावतो. बरं, लावलं तर लावलं, ते जनावराला तरी घालावं! मी परवा चार मुठी कापून गाईपुढं टाकलं तर हा बोंबलत आला, औषध मारलंय म्हनला. जे गाईनं खायचं न्हाई आन मानसानं तुडवायचं, त्याला म्हने रोज पानी.

लग्न उरकलं की सकाळी ते रान बघवत न्हाई. मी पोतं घिऊन फिरतो. प्लास्टिकचे ग्लास, गुटख्याच्या पुड्या, अर्धी खाल्लेली जिलेबी आन तिला लागलेल्या मुंग्या. पोराचं भरलेलं डायपर गुंडाळून खुर्चीखाली सारलेलं. चमकीचे कपटे तर गवतात असे रुतत्यात की येक येक नखानं काढावा लागतो. परवा एक कुत्रं बासुंदी खाऊन स्टेजम्होरं वकलं हुतं. जरीची कापडं घालून येनारी मानसं, आन मागं ठिवून जात्यात हे. शी!

त्यात रान सपाट न्हाई. सुनीलनं घाईघाईत उसाच्या सऱ्यांवर एकदा रोटर मारला आन वरून गवताच्या चटया आंथरल्या. खाली सरी-वरंबा तसाच. वर मांडवाच्या खांबाचे खड्डे आन टँकरच्या चाकोऱ्या. मागल्या लग्नात नवरदेवाचा मामा खुर्चीसकट मागं उलटा झाला, पाय वर. आख्खा मांडव हसला. मला हसू आलं न्हाई, रान माझं हाय ना.

आन आता सुनीलनं रामहरीला शब्द दिलाय की मोनिकाचं लग्न इथंच करायचं. तुझ्या नातीचं लग्न माझ्या रानात, ह्याच्यापरीस आनंद कोनता? पन ह्या उकिरड्यावर? मला तर तोंड दाखवायची लाज वाटती.

कळावे. राग रानावर हाय, तुझ्यावर न्हाई. तवा लोभ हाय तसा राहू द्यावा.

तुझा
गोरख

॥ श्री ॥

केडगाव, अहिल्यानगर
दि. २१ फेब्रुवारी २०२५

चि. गोरक्षनाथ यास, आक्काचे अ. आ.

तुझं पत्र जेवायच्या आधी वाचलं ही माझी चूक झाली. पुढच्या वेळी पाकिटावर लिहीत जा, जेवणानंतर उघडावे म्हणून. सहासष्ट वर्षांचा झालास तरी तुझ्या अंगातला कुरकुऱ्या काही जात नाही. पण या वेळी तुझं खरं आहे, आणि मला तुझ्याकडे काम आहे, म्हणून जास्त बोलत नाही.

खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून मला कशाची किळस आली असेल तर ती उचलण्याची. आधी दवाखान्यात, मग घरात. जो येतो तो बगलेत हात घालतो. विचारत नाही, सांगत नाही, आजी हलक्या आहेत म्हणतो आणि उचलतो. मागच्या महिन्यात शेजारच्यांच्या साखरपुड्याला असल्याच एका लॉन्सवर गेले होते. वॉकरचा एक पाय खड्ड्यात गेला आणि मी अडकले. लगेच चार बाप्ये धावले. एकाच्या तोंडाला गुटख्याचा भपकारा, दुसऱ्याचे हात घामानं चिकट. पदर कुठे, मी कुठे! एका पोराने त्याचं शूटिंग केलं. घरी येऊन मी दोनदा आंघोळ केली तरी ते हात अंगावरून जाईनात.

आता रामहरी म्हणतो की मामाचं रान खडबडीत आहे, तर शहरातला हॉल घेऊ, नाहीतर आईला खुर्चीवर बसवून चौघं उचलून स्टेजवर नेऊ. मुलाकडची मावशी तर हसत म्हणाली, आजींची पालखीच काढू, फोटो छान येतील. मला शिसारी आली. मोनिकाची आई गेली तेव्हा ती पोर पाळण्यात होती. तिला मी वाढवलं. तिच्या डोक्यावर अक्षता टाकायला मी कुणाच्या खांद्यावरून नाही जाणार. रामहरीला मी स्पष्ट सांगितलं आहे: माझ्या पायांनी स्टेजपर्यंत जाता आलं तर येईन, नाही तर त्या दिवशी घरात दार लावून बसेन. तो म्हणाला, आई हट्टी आहे. आहेच.

हॉलला मात्र मी नको म्हटलंय. माहेरच्या रानात नातीचं लग्न व्हावं असं मलाही वाटतं. तर बाबा, अर्ध्या शिवारातल्या लोकांची रानं तू सपाट करून दिलीस, आता हे एवढं गवत माझ्यासाठी सपाट करशील का? कमानीपासून स्टेजपर्यंत वॉकर डुगडुगता कामा नये. तेवढंच मागते.

लंकाला म्हणावं तेल लावून शेक. घरातल्यांना आशीर्वाद. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
आक्का

॥ श्री ॥

घोडेगाव
दि. १६ मार्च २०२५

ती. आक्कास सा. न. वि. वि.

पाकिटावर लिहिल्याप्रमानं हे पत्र जेवल्यावरच वाच.

तुझं लिहिलेलं वाचून अंगाची लाही झाली. बगलंत हात घालून उचलायला तू काय कांद्याची गोनी हाईस? मी सुनीलला म्हनलं, माझी बहीन चालत जानार, रान सपाट झालं पायजे. त्यानं भाड्यानं रोलर आनला. रोलर म्हंजे काय, उंचवट्यावर चढतो, खड्ड्यात उतरतो, दोघान्लाबी दाबतो आन दोघंबी हाईत तिथंच. दिसभर बघितलं आन थुकलो. म्हनलं, आपुनच करू.

मोडक्या कांदाचाळीचे लोखंडी अँगल पडले हुते. त्यातले सरळ निवडून श्रीमंत वेल्डरकडं नेले. बाजंएवढी चौकट केली, तिला तीन आडवे अँगल मारले. म्होरला उंचवटा खरडायला, मधला माती वढायला, मागला पसरायला. शेवटी जुन्या कुंपनाची जाळी बांधली, वर वजनाला फरशीचे तुकडे ठिवले आन सुनीलच्या छोट्या ट्रॅक्टरला साखळीनं जोडली. मी तिला फळी म्हनतो. सुनील जुगाड म्हनतो आन तोंड वाकडं करतो.

पहिल्या दिशी फजिती झाली. म्होरल्या अँगलची धार मी म्होरं ठिवली हुती, ढेकळाच्या रानात ठिवतो तशी. तिनं गवत असं सोललं जसं बोकडाचं कातडं. सुनील डोक्याला हात लावून खालीच बसला. मग अँगल उलटा करून जोडला, धार मागं आन पाठ म्होरं. तळ्यातला गाळ, वाळू आन कुजलेलं शेनखत चाळून गवतावर टाकलं आन फळी फिरवली. उभी, मग आडवी, मग कोपऱ्यातनं कोपऱ्यात. माती खड्ड्यात जाऊन बसती, उंचवट्यावर ऱ्हात न्हाई. गवत त्यातनं वर येतं. ते वर आलं की परत टाकायची, परत वढायची. सुनीलची आपली रड चालू, शेनाचा वास येतो, पाव्हने काय म्हनतील. मी म्हनलं, पाव्हन्यांनी टाकलेल्या घानीपरीस शेन कितीतरी चांगलं.

कारन ह्या फळीनं काय काय वर काढलं ते तू बघाया पायजे हुतंस. हळदीच्या मटनाची हाडं. बुरशी आलेली चप्पल. कुनाचं तरी केसांचं गंगावन, मला वाटलं मेलेली घूस. काय तरी मऊ हुतं, ते मी काठीनं उचललं आन काय हाय ते बघितलंच न्हाई. आन एक कवळी! व्हय, दातांची. वरचे समदे दात. लंकानं ती बघितली आन सांजचं जेवली न्हाई. सुनील म्हनला, ठिवून देऊ, मालक इचारत येईल. मी म्हनलं, आला तरी त्यो ती धुऊन तोंडात घालनार हाय का? सुनील म्हनला, सांगता येत न्हाई. तवापासून मला कवळीवाल्या समद्या म्हाताऱ्यांचा संशय येतो.

पन रान बसत चाललंय. सऱ्या बुजल्या. स्टेजला पायऱ्यांऐवजी सुनीलकडनं लाकडी उतार करून घेतोय. तू तिकडं चालायचा सराव ठिव.

किळस आली असंल तर येऊ दे, पन भावावरची आपुलकी जाऊ दिऊ नगंस.

तुझा
गोरख

॥ श्री ॥

केडगाव
दि. २ एप्रिल २०२५

चि. गोरक्षनाथ यास, आक्काचे अ. आ.

पत्र जेवल्यावर वाचलं. तरी उपयोग झाला नाही. कवळी मोनिकाला सांगितली तर ती हसून हसून रडली, आणि आता आपल्या घरात कुणी जरा मोठ्यानं हसलं की आम्ही त्याला तोंड धरायला सांगतो.

सराव चालू आहे. सकाळी अंगणात फेऱ्या मारते. गल्लीतल्या बायका येऊन बघत बसतात आणि जी ती हात धरायला पुढे होते. मी वॉकर उचलून दाखवते, मग मागे सरतात. रामहरीने हॉलचा विषय सोडला, पण खुर्ची मात्र तयार ठेवणार म्हणतो. मामाच्या जुगाडावर त्याचा भरवसा नाही. माझा आहे.

इकडे लग्नाआधीच्या शूटिंगचं थेर चाललंय. पोरगा पोरीला उचलून गोल फिरवतो आणि वरून ड्रोन घोंघावतो. या लोकांना उचलण्याशिवाय दुसरं काही सुचत नाही का रे?

एक विचारायचं होतं. तू रान एवढं सपाट केलंस, पण लग्नात पाणी सांडतं, हात धुतात, भांडी धुतात. ते पाणी जाणार कुठे? वडिलांनी आपल्याला रानातलं पाणी अडवायला शिकवलं, काढून द्यायला नाही. तू त्याचा विचार केला असशीलच. तरी विचारलं.

लंकाला आणि सुनीलला आशीर्वाद. तुझ्यावर जीव आहे म्हणून टोचते, हे ध्यानात असू दे.

तुझी
आक्का

॥ श्री ॥

घोडेगाव
दि. ११ एप्रिल २०२५

ती. आक्कास सा. न. वि. वि.

पानी जानार कुठं म्हंजे काय? पानी जाऊ कशाला द्यायचं? आमच्याकडं कालव्याच्या आवर्तनाची वाट बघून मानसं म्हातारी झाली आन तू इचारतीस पानी काढनार कुठनं. माझ्या रानातनं थेंब कधी बाहेर गेला न्हाई आन जानार न्हाई. चारी बाजूनं बांध चोपून पक्का केलाय.

काल परीक्षा घेतली. वरल्या अंगाला सैपाकाची शेड हाय, तिथनं डोळ्याला दिसायचा न्हाई इतका बारीक ढाळ दिलाय. तिथल्या टाकीचं पानी सोडून दिलं. आक्का, असं गेलं म्हनून सांगू! कांद्याच्या रोपाला देतो तसं, चादर आंथरल्यावानी, कमानीपासून स्टेजपातूर सारखं. कुठं डबकं न्हाई, कुठं कोरडं न्हाई. लई वर्सांनी असं रान हातनं झालं. मग लंकाची पितळी समई मधी ठिवून बघितली, जरा म्हनून कलली न्हाई. तुझा वॉकर डुगडुगला तर मी मिशा काढीन.

मी स्टेजच्या उताराच्या तोंडाशी उभा ऱ्हानार हाय. तू कमानीपासून निघालीस की मला तिथनं समदं दिसंल. तेवढ्यासाठीच केलंय हे समदं, न्हाई तर त्या गवताला मी हात लावला नसता.

लगनाला ये. भावाचा अभिमान वाटला तर तोंडावर सांग, न्हाई वाटला तर लोभ तेवढा ठिव.

तुझा
गोरख

॥ श्री ॥

घोडेगाव
दि. २३ मे २०२५

ती. आक्कास, गोरक्षनाथचा शि. सा. न.

कोनत्या तोंडानं लिहू? लगनाला पंधरवडा झाला, तुझं पत्र न्हाई. यायचंबी कशाला? तू इचारलं हुतंस, पानी जानार कुठं. मी दीडशहाना.

तुला कमानीपाशी रामहरीनं उतरवलं तवा मी उताराच्या तोंडाशीच हुतो. नवरदेव मारुतीला गेल्ता. वर शेडमधी आचाऱ्याची मानसं नाष्ट्याच्या ताटल्या आन तेलाच्या कढया घासत हुती. त्यातल्या येकानं टाकीचा नळ पिळला, त्यो मुळातनंच निघाला. आख्खी टाकी त्या खरकट्यातनं वाहिली. आन माझं रान! त्यानं ते कुठं अडवलं न्हाई, कुठं जिरवलं न्हाई. पव्हे, तेल, चहाचा चोथा, जिलेबीचा पाक, समदं घिऊन ते पानी मी दिलेल्या ढाळानं चादरीवानी आलं. लाल जाजम तरंगाया लागलं. मुलाकडची मावशी बूट हातात घिऊन खुर्चीवर चढली. खड्डे असते तर पानी दोन डबक्यांत थांबलं असतं. मी येकबी खड्डा ठिवला नव्हता.

मी फावडं घिऊन पलीकडं बांध फोडाया पळालो. माझ्याच हातनं चोपलेला बांध, फुटता फुटंना. कानाला काही आयकू येत न्हाई, मागं काय चाललंय कळंना. पानी एकदाचं वढ्याला लागलं तवा चिखलात गुडघ्यापातूर माखून परत आलो. तू स्टेजवर बसलेली. पातळाचा काठ काळा-पिवळा, त्याला पव्हे चिकटलेले. आन चार पोरं खुर्ची धरून परत चाललेली. मला काय कळायचं ते कळलं. ज्याची तुला किळस, तेच झालं, आन तेबी माझ्यापायी, माझ्याच रानात, खरकट्यातनं.

मला माझीच शिसारी आली आक्का. पाठवनीला थांबलो न्हाई, गोठ्यात जाऊन बसलो. त्यानंतर घरात कुनी लगनाचं काढलं की मी उठून जातो. सुनील मोबाईल म्होरं करतो, मी मान फिरवतो. तुला चौघांनी उचललेलं मला बघायचं न्हाई. फळी बाहेर काढून ठिवलीय, पुढल्या म्हैन्यात भंगारवाला येनार हाय.

लोभ असावा असं लिहायची माझी लायकी न्हाई. जमलं तर चार वळी लिही.

गोरख

॥ श्री ॥

केडगाव
दि. २९ मे २०२५

चि. गोरक्षनाथ यास, आक्काचे अ. आ.

अरे गाढवा, मला कुणी उचललं नाही.

तुझं पत्र वाचून आधी संताप आला, मग रडू आलं, आता पुन्हा संताप आलाय, त्यातच लिहिते आहे. पाणी आलं तेव्हा रामहरीने चार पोरं बोलावली. त्यांनी खुर्ची पुढे केली, एकाने बगलेकडे हात नेला. मी सांगितलं की अंगाला बोट लागलं तर वॉकरने टाळकं फोडीन. तो बिचारा मुलाकडचा निघाला, असो. चपला काढल्या, काठ खोचला आणि निघाले. ती चौघं खुर्ची धरून माझ्या मागून आली. रिकामी खुर्ची, गोरख. तू पाहिलीस ती तीच.

किळस म्हणशील तर आयुष्यात इतकी आली नव्हती. तेलाने पाय बुळबुळीत, बोटांच्या मध्ये पोहे. अर्धी जिलेबी घोट्याला येऊन चिकटली ती स्टेजपर्यंत सोबत आली. पाण्याला असा आंबूस वास की मी तोंडाने श्वास घेत होते. पाण्याखाली काय आहे ते दिसत नव्हतं. भोवती धडधाकट माणसं घसरत होती, ओरडत होती, आणि मला कुठे पाय टाकू असं विचारावं लागलं नाही. वॉकर टेकवला की चारी पाय बरोबर टेकायचे. एकदाही कलला नाही. तुझा उतारसुद्धा मी न थांबता चढले. मोनिकाच्या डोक्यावर अक्षता पडल्या त्या मी उभी राहून टाकलेल्या.

वर पोचल्यावर मी पहिल्यांदा तुला शोधलं. उताराशी उभा राहणार होतास ना? दिसला नाहीस. पाठवणीलाही नाहीस. मला वाटलं, घाण बघून वैतागलास आणि बहिणीला सोडून घरी गेलास. म्हणून रुसले, म्हणून पत्र नाही. तू गोठ्यात, मी इथे, आणि दोघंही तोंड फुगवून. कुणीतरी आपल्याला हाणायला हवं होतं.

बांध फोडायला गेलास ते बरं केलंस, पण ज्याच्यासाठी दोन महिने राबलास तेवढंच तू पाहिलं नाहीस, हे मला सहन होत नाही. ते मोबाईलवर बघू नकोस. रामहरीने दाखवलं मला, त्यात सगळं पाण्याचं आणि मावशीचं आहे, मी कोपऱ्यात मुंगीएवढी.

नागपंचमीला मी माहेरी येते. गाडी दारापर्यंत आणायची नाही, कमानीपाशी थांबवायची असं रामहरीला सांगितलं आहे. भंगारवाल्याला परत पाठव आणि फळी एकदा फिरवून घे. पाण्याला एक वाट काढ, एवढं ऐक माझं. आणि मी निघेन तेव्हा तू उताराच्या तोंडाशी उभा राहा, पाठ न फिरवता. कुणीही हाक मारली तरी तिथून हलायचं नाही. मी स्टेजपर्यंत चालून दाखवते तुला.

लंकाला, सुनीलला आशीर्वाद. तुला आशीर्वाद आणि शिव्या दोन्ही. दोन्ही पोचल्याचं कळव, आणि आक्कावरची माया आटू देऊ नकोस.

तुझी
आक्का